तालमीतली मोकळी जागा

शाळा बंद झाली त्या वर्षी ग्रामपंचायतीने तिच्या दोन्ही खोल्यांच्या किल्ल्या माझ्याकडे आणून दिल्या. पटावर चारच मुलं उरली होती. ती आता जीपने शेजारच्या गावच्या शाळेत जातात आणि साडेचारला परत येतात. मला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. मुलगा बेंगळुरूला असतो, पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली. घरात दुपार लवकर सरत नाही. म्हणून मी रोज साडेतीनला शाळेचं कुलूप काढतो, बाकं पुसतो, फळ्यावर तारीख लिहितो आणि जीपच्या हॉर्नची वाट बघत बसतो. साडेचार ते सहा मुलांना शिकवतो. आमच्या गावची चार, आणि हंगामात ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेली पाच-सहा.

गाव कडेगावपासून सात किलोमीटरवर आहे. उपसा योजनेचं पाणी आल्यापासून चारी बाजूंनी ऊस. दिवाळीच्या सुमाराला शाळेच्या खिडकीतून उसाशिवाय काहीच दिसत नाही. मग तोड सुरू होते, पाचट जळल्याचा वास आठवडाभर कपड्यांना राहतो, आणि एक दिवस अचानक लांबचा डोंगर दिसायला लागतो.

मागच्या हिवाळ्यात दुपारी साडेतीननंतर या शाळेत जे झालं ते मी क्रमाने लिहितो आहे. मला जेवढं दिसलं तेवढंच लिहिणार आहे.

शिवांजली ही नानासोंची मुलगी. पहिलीपासून चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली होती. तेव्हा कडेगावला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वीरधवल तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, जोतिबाचा मुलगा, तोही माझाच विद्यार्थी. नानासो आणि जोतिबा यांची रानं लागून आहेत. नऊ वर्षांपूर्वी बांधावरून भांडण झालं, खोऱ्याच्या दांड्याने जोतिबाच्या धाकट्या भावाचा हात मोडला, आणि प्रकरण कोर्टात गेलं. ते अजून तिथेच आहे. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांच्या दारावरून जाताना मान वळवायची. एरवी सोयरीक जुळायला कशाचीच आडकाठी नव्हती. होता तो एक बांध.

सांगलीच्या एका एकांकिका स्पर्धेसाठी मी या दोघांना घेतलं. मुद्दाम घेतलं. एकांकिका मीच लिहिली होती. ओढ्याच्या दोन काठांवर दोन घरं, पिढ्यांचं वैर, आणि एका जोतिष्याने दोन्ही बापांना सांगून ठेवलेलं, की ही पोरं भेटली की तुमचा वंश संपला. मुलगी घाटाच्या पायऱ्यांवर उभी, मुलगा खाली पाण्यात. तो म्हणतो, "तू तीन पायऱ्या उतर, बाकीच्या मी चढतो." शेवटी तिच्याच माणसांच्या हातून तो मरतो आणि ती पायऱ्या उतरून त्याच्यामागे पाण्यात जाते. नानासो आणि जोतिबा सांगलीला पहिल्या रांगेत बसून हे बघतील आणि काही शिकतील, असं माझ्या मनात होतं. मास्तराला सगळंच शिकवण्यासारखं दिसतं.

ती दोघं आधीपासूनच एकमेकांची होती, हे मला तालमीच्या तिसऱ्या दिवशी कळलं. शिवांजलीचं पाठांतर पक्कं, पण वीरधवल समोर आला की ती वाक्य विसरायची आणि तो हळूच तिला ते सांगायचा. स्वतःची वाक्यं मात्र त्याला येत नसत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जोतिबाला कुणीतरी सांगितलं. तो मोटारसायकल बंद न करताच फाटकाशी उभा राहिला.

"गुरुजी, नाटकाला दुसरं कोण घावलंच न्हाई व्हय तुमास्नी? पोरगं लोणंदला कंपनीत लावलंया. आता तुमचा हिरो दुसरा बघा."

दुसरा कोण मिळणार? गावातल्या सिद्धूला विचारलं तर तो हसत सुटला. "माझं लगीन व्हायचंय अजून, गुरुजी. नानासो कुऱ्हाड घिऊन पहिल्या रांगंत बसत्याल."

नानासोंनीही तोवर पुण्याचं एक स्थळ जवळजवळ पक्कं केलं होतं. शिवांजलीने बापाला एवढंच सांगितलं, "हे नाटक करू द्या. मग तुमी म्हणशीला तिथं उभी राहते." नानासो माझ्याकडे आले. पोरगी करेल, पण समोर पोरगा नको, म्हणाले. तिच्या आईचाही निरोप होता: घरात लग्न आहे, पोरीने शेवटी पाण्यात जायचं नको.

मी दोन्ही मानलं. एकांकिका एकपात्री केली, मुलाची सगळी वाक्यं काढून टाकली. शेवटही बदलला. आता ती खाली न उतरता मागे वळते, वरची पायरी चढते, घराचं दार लावून घेते. शाळेत पोषण आहाराच्या तीन रिकाम्या लाकडी पेट्या होत्या, त्या पायऱ्या म्हणून मांडल्या.

"समोर कोण नाही, पण आहे असं समजायचं," मी तिला सांगितलं. "घाई करायची नाही. त्याचं वाक्य मनातल्या मनात म्हण. तो बोलेल तेवढा वेळ थांब, मग तुझं वाक्य घे."

ही रीत मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नव्हती. पत्नी गेल्यापासून सकाळी चहा घेताना मी एखादं वाक्य मोठ्याने बोलतो आणि ती उत्तर देईल तेवढा वेळ थांबतो. त्याने चहा बरा लागतो, इतकंच.

रंगूबाई शाळेला लागून राहतात. पूर्वी मुलांची खिचडी शिजवायच्या. पहिल्याच दिवशी त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पेट्यांच्या समोरच्या मोकळ्या फरशीकडे बघत म्हणाल्या, "आवं गुरुजी, हितं नारळ ठिवला न्हाई?"

"कशाला?"

"तालमीत समूरचं माणूस नसलं तर त्याच्या जाग्यावर नारळ ठिवत्यात. आमचं मालक जत्रंच्या नाटकात काम करायचं, तवापास्नं बघत्या मी. जागा मोकळी ठिवू न्हाई."

"ठेवली तर काय होतं, रंगूबाई?"

"यष्टीत रुमाल टाकत्यात ना जाग्यावर? न्हाई टाकला तर कोण बी येऊन बसतंय. तसंच हे."

शिवांजली हसली, मीही हसलो. साडेचारला मुलं आली तेव्हा मी त्यांना हे रुमालाचं सांगितलंसुद्धा, आणि विचारलं, याला पुरावा काय? मुलांना पुरावा विचारायची सवय लावावी असं माझं मत आहे. नारळ मी ठेवला नाही.

स्पर्धेत वेळेचं बंधन पंचेचाळीस मिनिटांचं असतं, म्हणून मी रोज घड्याळ लावत होतो. माझ्या वहीत त्याची नोंद आहे. दोघं मिळून करायची तेव्हा एकांकिकेला एकेचाळीस मिनिटं लागायची. ती एकटी करू लागली त्या पहिल्या दिवशी सव्वीस. थांबायचं कसं ते तिला जमत नव्हतं. दुसऱ्या दिवशी अठ्ठावीस, मग एकतीस, चौतीस. मी शाबासकी दिली. नवव्या दिवशी एकेचाळीस मिनिटं झाली. सेकंदसुद्धा इकडचे तिकडे नाहीत. दोघांची तालीम जेवढी चालायची तेवढीच.

मला वाटलं, मुलगी गुणी आहे. त्याचं एकेक वाक्य तिच्या डोक्यात बसलंय.

दहाव्या दिवशी बेचाळीस झाली. अकराव्या दिवशी त्रेचाळीस. संहिता माझ्या मांडीवर होती. जिथे त्याचं वाक्य मुळातच नव्हतं, अशा दोन ठिकाणी ती थांबली होती. एका ठिकाणी ती ऐकता ऐकता हसली. मी ते पान परत परत बघितलं. त्या जागी हसण्यासारखं मी काही लिहिलेलं नव्हतं.

"इथे का थांबलीस?"

"कुठं?" तिने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पहिले काही दिवस ती समोर तोंड करून बोलायची. आता ती प्रत्येक वेळी उजव्या अंगाला सरकायची, मान थोडी पुढे करून बोलायची. रंगमंचावर हे वाईट दिसतं, प्रेक्षकांकडे पाठ होते. मी तसं सांगितलं.

"गुरुजी, त्याला उजव्या कानानं ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "त्या बाजूनं बोललं की सारखं काय काय म्हणतोय."

मी वहीत लिहिलं, 'कल्पनाशक्ती चांगली.' ती ओळ अजून तिथे आहे.

त्याच सुमाराला जतकडची एक टोळी गावात आली. त्यांच्या खोपी शाळेच्या मागच्याच रानात पडल्या. त्यातली सोनम नावाची सात वर्षांची मुलगी रोज वेळेच्या आधीच यायची आणि दाराच्या उंबऱ्यावर बसून तालीम बघायची. मग तिच्याबरोबर आणखी तिघं-चौघं यायला लागली. मुलांनी गडबड केली नाही तर मी त्यांना बसू देतो.

एका दुपारी माझं लक्ष शिवांजलीकडून त्यांच्याकडे गेलं. चौघंही उंबऱ्यावर ओळीने बसली होती. शिवांजली बोलत होती तेव्हा त्यांच्या माना तिच्याकडे होत्या. ती थांबली. चार माना एकदम दुसरीकडे वळल्या, मोकळ्या फरशीकडे. तिथेच राहिल्या. मग सगळ्या परत तिच्याकडे आल्या, आणि त्यानंतर शिवांजलीने तोंड उघडलं.

तिने तोंड उघडल्यावर नाही. त्याच्या आधी माना वळल्या. समोरच्याचं वाक्य संपल्यावर वळाव्यात तशा.

मी घड्याळ बंद केलं. त्या दिवसाची वेळ वहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून नारळ आणला आणि फरशीवर ठेवला. मला माझंच हसू आलं, पण ठेवला. पाणी प्यायला म्हणून रंगूबाईंकडे जाऊन आलो तर नारळ खिडकीत होता.

"मीच ठिवला बाजूला," शिवांजली म्हणाली. "त्याला हुभं राहायला जागा उरत नव्हती."

"कुणाला, शिवांजली?"

तिने माझ्याकडे बघितलं, जसं एखाद्या मुलाचं सोप्या बेरजेचं उत्तर चुकावं आणि आपण रागवायचं नाही असं ठरवावं. मी हजारदा तसं बघितलेलं आहे. "वीरला," ती म्हणाली.

रविवारी मी लोणंदला गेलो. कडेगावहून कराड, कराडहून सातारा, पुढे लोणंद. तीन गाड्या बदलल्या. मुलीच्या मनावर परिणाम होतोय, मुलाचा आवाज तरी तिला फोनवर ऐकवावा, असा साधा हिशेब मी केला होता. वीरधवल स्टेशनजवळच्या चहाच्या गाड्यावर भेटला. अंगात कंपनीचा निळा शर्ट, थोडा वाळलेला. वाकून पाया पडला.

"कशी हाय ती?" हेच पहिलं.

"तूच फोन करून विचार की. घरच्यांनी तिचा फोन घेतलाय का?"

तो ग्लास दोन्ही हातांत फिरवत राहिला. मग मोबाईल काढून त्याने मला तिचा शेवटचा मेसेज दाखवला. तीन आठवड्यांपूर्वीचा. 'रोज तर समोर असतोस. आता फोन कशाला?'

"त्यानंतर नंबरच ब्लॉक केलाय तिनं माझा," तो म्हणाला. "गुरुजी, मी तर हितनं हललो बी न्हाई. एक दिवस सुट्टी न्हाई घेतली. नोकरी पक्की झाली की येऊन तिच्या बापापुढं हुभा राहणार हाय मी. मारू द्यात मारलं तर."

मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो होतो. अगदी हलक्या आवाजात विचारलं, "या कानाने तुला कमी ऐकू येतं का रे?"

"न्हाई की. का?" त्याने लगेच उत्तर दिलं.

रेल्वे फाटक पडलं. मालगाडी गेली. डबे मोजायची मला सवय आहे, पण त्या दिवशी मी मोजले नाहीत.

"मी येतो सांगलीला," तो म्हणाला. "लांब मागं बसतो अंधारात. कुणाला कळायचं न्हाई. नुस्तं बघतो तिला."

मी काय करायला हवं होतं ते आता मला माहीत आहे. पण नानासो तिथे असणार होते. तमाशा होईल, तिचा एकुलता एक प्रयोग मोडेल, असं मला वाटलं. लग्नाआधी तिला हवी होती ती एवढीच एक गोष्ट.

"नको येऊस," मी म्हणालो. "प्रयोग होऊ दे. मग मी स्वतः तुमच्या दोन्ही बापांशी बोलतो."

गुरुजींचं ऐकायची सवय त्याला पहिलीपासून होती. त्याने मान हलवली.

परत आल्यावर मी सोनमला माझ्या मोबाईलमधला एक फोटो दाखवला, पहिल्या तालमीचा. वीरधवल बाकावर पाय ठेवून उभा होता. सोनम गावात आली ती तो गेल्यानंतर. तिने त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

"रोज तालमीला असतो तो दादा हाच का?"

तिने फोटो नीट बघितला. दोन बोटांनी मोठा करून बघितला.

"ह्यो न्हवं," ती म्हणाली आणि पाटी काढून बसली.

तो कसा दिसतो, हे मी तिला विचारलं नाही. लहान मुलाला नको ते विचारू नये म्हणून नाही. मला उत्तर नको होतं.

मग मी तालमी बंद केल्या. पाठ झालंय, आता विश्रांती घे, असं सांगून मुलं यायच्या वेळेपर्यंत कुलूप ठेवू लागलो. चौथ्या दिवशी रंगूबाई म्हणाल्या, पोरगी रोज साडेतीनला येतीया, व्हरांड्यात बसून खिडकीतनं आत बोलत बसतीया. सांगलीचा प्रयोग रद्द करावा म्हणून मी नानासोंकडे गेलो. ते म्हणाले, "आता कुठं मोडता घालता, गुरुजी? पोरगी आनंदात हाय. पयल्यांदा लग्नाचं बी नीट ऐकून घेतीया. हू द्या."

आमचा प्रयोग दुपारी अडीचचा होता. नाट्यगृह निम्मं भरलेलं, दुपारच्या स्पर्धेला असतात तसे लोक, इतर संघांची मुलं, काही म्हातारे. नानासो पहिल्या रांगेत इस्त्रीची टोपी घालून बसले. मी संहिता घेऊन विंगेत उभा राहिलो. पडदा उघडला. तीन पेट्या, मागे निळा प्रकाश.

मी तिच्याकडे बघत नव्हतो. मी प्रेक्षकांकडे बघत होतो.

पहिली चार-पाच मिनिटं सगळे तिच्याकडे बघत होते. मग पुढच्या रांगेतली एक मुलगी, शिवांजली थांबली असताना, दुसरीकडे बघू लागली. मग तिच्या शेजारची. मग मागची रांग. विसाव्या मिनिटाला सगळं नाट्यगृह एका वेळी इकडून तिकडे माना वळवत होतं. कुणी खोकत नव्हतं. एका ठिकाणी सगळे हसले. शिवांजली तेव्हा काहीच बोलत नव्हती.

फक्त नानासो वळत नव्हते. ते मुलीकडेच बघत होते, आणि टोपी काढून टोपीनेच डोळे पुसत होते.

शेवट आला. तिने मागे वळायचं होतं, वर चढायचं होतं, दार लावायचं होतं.

ती एक पायरी उतरली.

मी विंगेतून हळू आवाजात ओळ दिली, "दार लावते मी." परत दिली.

ती दुसरी उतरली. तिसरी.

हात पुढे केला. तो हात हवेत सैल राहिला नाही. बोटं मिटली, तळव्यात काहीतरी आल्यासारखी, आणि हाताला किंचित ओढ बसली.

पडदा पडला. चव्वेचाळीस मिनिटं.

नंतर परीक्षकांपैकी एक बाई चष्मा पुसत माझ्याकडे आल्या. त्यांच्या हातात आमची प्रवेशिका होती. "सर, यावर तुम्ही एकच नाव लिहिलंय. दुसऱ्या कलाकाराचं राहिलं का? गुण कुणाच्या नावावर टाकू?"

मी म्हणालो, एकच नाव आहे.

त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग रंगमंचाकडे. "असं कसं?" एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर शिवांजली आजारी पडली असं म्हणता येणार नाही. ती जेवायची, कपडे धुवायची, सांगितलेलं काम करायची. फक्त तिच्याशी कुणी बोलायला गेलं, की ती हाताने थांबा अशी खूण करायची. फोनवर असलेला माणूस करतो तशी. मग तो माणूस थांबून थांबून निघून जायचा. कॉलेज सुटलं. दुपारी साडेतीनला ती शाळेत यायची. कुलूप लावून उपयोग नाही हे कळल्यावर मी दार उघडं ठेवू लागलो. कडेगावच्या डॉक्टरांनी सांगलीला न्यायला सांगितलं, तिथल्यांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी ती बसल्या जागी झोपायची आणि झोपेतही मध्ये मध्ये थांबून बोलायची. पुण्याच्या लोकांच्या कानावर गेलं. त्यांनी लग्न मोडून नारळ परत पाठवला.

फेब्रुवारीच्या एका सकाळी नानासो माझ्या व्हरांड्यात येऊन बसले. दाढी वाढलेली. 

"गुरुजी, तुमास्नी त्या दोघांचं ठावं होतं, व्हय ना?"

"हो."

"सांगायचं मग मला."

"सांगितलं असतं तर?"

"मारलं असतं तिला," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू?" मग उठले. "चला माझ्यासंगं. एकट्यानं पाऊल उचलायचं न्हाई माझं."

आम्ही जोतिबाच्या घरी गेलो. नऊ वर्षांत नानासो त्या फाटकातून आत गेले नव्हते. जोतिबा गोठ्यात होता. हातातली पेंढी तशीच धरून उभा राहिला. मोडलेल्या हाताचा धाकटा भाऊ आतून बाहेर आला. आता काय होतं म्हणून मी जागच्या जागी थांबलो.

नानासोंनी टोपी काढली. "जोतिबा, बांध तू घे. सगळा घे. तुझं पोरगं दे मला."

जोतिबाने पेंढी खाली टाकली. इकडे तिकडे बघितलं, काय करावं ते सुचेना तसं. मग घराकडे तोंड करून ओरडला, "अगं, चार कप टाक. साखर घाल नीट, पावणं आल्यात." 

अशी ती गोष्ट झाली. जी व्हावी म्हणून मी एकांकिका लिहिली होती, ती.

वीरधवल दुसऱ्याच दिवशी आला. वाटेत कराडला त्याने केस कापले होते, पांढरा शर्ट घातला होता. आईने कपाळाला हळद-कुंकू लावून पाठवलं. पावणेचारला आम्ही चौघं शाळेच्या व्हरांड्यात होतो. मागचं रान तुटून मोकळं झालं होतं, टोळी निघून गेली होती, खोपींच्या जागी काळे गोल डाग. दोन्ही बाप खांबाला टेकून शेजारी शेजारी बसले. जोतिबाने तंबाखूची डबी नानासोंपुढे धरली.

आतून शिवांजलीचा आवाज येत होता. बोलायची, थांबायची.

"जा," मी वीरधवलला म्हणालो आणि त्याच्यामागून आत गेलो. दाराशीच उभा राहिलो.

ती पेट्यांच्या खाली, फरशीवर उभी होती. वीरधवल चालत गेला आणि तिच्या समोर, त्या मोकळ्या जागेच्या अलीकडे उभा राहिला. 

"शिवा."

ती बोलायची थांबली. तिने त्याच्याकडे बघितलं. चेहरा उजळला. किती आठवड्यांनी ती कुणा माणसाकडे सरळ बघत होती.

"वीर! कवा आलास?"

बाहेर जोतिबाचा आवाज आला, "बोलली, बोलली! नानासो, बोलली का न्हाई?" आणि नानासोंचं रडणं ऐकू आलं.

"आत्ताच," वीरधवल म्हणाला. "तुला न्यायला आलोय. सगळ्यांनी हा म्हणलंय. तुज्या बानं बी, माज्या बानं बी. ऐकतीयास न्हवं?"

ती ऐकत होती. मान किंचित तिरकी होती. मला आनंद होण्याआधी दिसलं, की तिची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली आहे.

मग तिने त्याच्या दंडाला हात लावला. तिरस्काराने नाही, रागाने नाही. जत्रेत समोर उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला आपण लावतो तसा. आणि त्याला हलकेच बाजूला केलं.

वीरधवल सरकला. तिने सरकवलं होतं त्याहून दोन पावलं जास्त सरकला, मागे बघत, अंग चोरून, पाठीशी उभ्या असलेल्या कुणाला तरी वाट द्यावी तसा.

"असू द्या," कुणाचं तरी बोलणं ऐकून घेतल्यासारखा तो त्या मोकळ्या जागेला म्हणाला.